क्लास न लावता नुसत्या पुस्तकावरून पायथन शिकता येतं का?

येतं. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची, प्रोग्रॅम लिहायची भाषा. तुम्ही बी.कॉम.ला आहात, सोलापुरात क्लासची फी झेपत नाही आणि घरात भावाचं एक जुनं पुस्तक पडलंय, ते चालेल का, असं विचारलंय. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. कॉम्प्युटरची पदवी नाही, जे येतं ते पुस्तकावरनंच.

आधी ते पुस्तक मधेच कुठंतरी उघडा. प्रिंट शब्दापुढं कंस नसेल, थेट अवतरणचिन्ह असेल, तर ते पायथन २ चं आहे. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि १ जानेवारी २०२० पासून जुन्याला कुणी वाली उरला नाही. नुसता कंसाचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं चालवून घ्या. पण त्यात ७ भागिले २ केलं की ३ येतात, आताच्या पायथनमध्ये ३.५. नवशिक्या तिथंच अडतो, कारण चूक आपली की पुस्तकाची हेच कळत नाही. असलं पुस्तक सरळ रद्दीत द्या.

नवं घेतलंत की प्रोग्रॅम हातानं टाइप करा. पीडीएफमधनं उचलून चिकटवला तर अवतरणचिन्हं वाकडी येतात आणि पायथन पहिल्याच ओळीला अडून बसतं. छापील पुस्तकात दुसरीच गंमत: पान उलटताना ओळ किती आत सरकलीय ते नजरेतनं सुटतं, आणि पायथनचा तर सगळा अर्थच त्या मोकळ्या जागेत. पान उलटण्याआधी शेवटच्या ओळीआधीच्या जागा मोजून घ्या.

पुस्तकातली उदाहरणं एकदा चालली की सोडा, आपलं गणित घाला. आमच्याकडचं बघा. २५० टॉवेल, किती डझन आणि सुटे किती? २५० ला १२ नं भागायचं: // वापरलं की पूर्ण भागाकार २०, % वापरलं की बाकी १०. सोपं. आता २५० हा आकडा इनपुटनं विचारून घ्या आणि त्याला २ नं गुणा. उत्तर ५०० नाही, २५०२५० येतं! कारण इनपुट आकडा देत नाही, मजकूर देतं, आणि मजकुराला २ नं गुणलं की तो दोनदा लिहिला जातो. इंट (मजकुराचा आकडा करून देणारा शब्द) लावायचं हे पुस्तक एका ओळीत सांगून मोकळं होतं, पण ते २५०२५० एकदा पडद्यावर बघितलं की जन्मात विसरत नाही. (इंटला मराठी आकडे दिले तरी कळतात, बरं का. इनपुटला देवनागरीत २५० लिहून बघा.)

एरर आली की घाबरून पहिली ओळ वाचू नका, शेवटची वाचा. काय बिघडलं ते तिथं असतं, कुठं बिघडलं ते तिच्या वर. शेजारी सर नसले तर निम्मं काम ती एक ओळ करते.

लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन इथपर्यंत क्रम मोडू नका. पुढं क्लास-ऑब्जेक्टचं प्रकरण येईल, ते सध्या खुशाल ओलांडा आणि फायली नि सीएसव्हीवर (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाईल) जा. कॉमर्सवाल्याला खरा उपयोग तिथं आहे. मे महिन्यात दुपारी आपल्याकडं बाहेर पडायची सोय नसतेच, तेव्हा बसा. घरात कुणाचं दुकान असेल तर त्यांची उधारीची वही मागून घ्या आणि तीच पहिली सीएसव्ही करा.