नुसते चौकोनच दिसतात!

प्रश्न : अमूर्त चित्रात शहर आणि जॅझ ‘दिसतं’ म्हणतात. मला तर नुसते चौकोनच दिसतात. काय चुकतंय?

उत्तर : काही नाही. चौकोनच बघा, पण जरा रेंगाळून. अमूर्त चित्रं काढणारा डच चित्रकार पीट मोंद्रियान १९४० मध्ये न्यूयॉर्कला आला आणि बूगी-वूगी या जॅझशी नातं सांगणाऱ्या पियानोशैलीच्या नादी लागला. त्या पियानोवादनात डावा हात एकच ठेका धरून बसतो, उजवा मनमुराद भटकतो. ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ (१९४२-४३) या चित्रात त्याने आपल्या ठरलेल्या काळ्या रेषांना चक्क रजा दिली. पिवळ्या पट्ट्या रस्त्यांसारख्या काटकोनात छेदतात. त्यांवर लाल, निळे, करडे तुकडे असे पेरलेत की नजर ठरतच नाही. गाड्या-दिवे शोधत बसू नका (समीक्षकांना शोधू द्या). एक पट्टी धरा आणि बोटाने टेबलावर ताल देत तुकडे मोजत चला.