भूलबंदूक नंतर, आधी लेंड्या बघा

पुढच्या महिन्यात प्राणिसंग्रहालयात पशुवैद्यक म्हणून रुजू होताय आणि त्याआधी भूलबंदूक कुठे शिकावी, असं तुम्ही विचारलंय. बंदूक येईल हो हातात. आधी रोज सकाळी कीपरबरोबर फेरी मारायला लागा. बिबट्याने काल किती मांस टाकलं, चितळाच्या लेंड्या पातळ झाल्यात का, हे त्याला तुमच्याआधी कळतं. जंगली जनावर आजार लपवतं. ते मान टाकून बसलेलं दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

मग खाद्य. वाघ-बिबट्यांना कच्ची कोंबडी देताना दहादा विचार करा. २००४ साली थायलंडमधल्या श्रीराचा प्राणिसंग्रहालयातल्या वाघांना बर्ड फ्लू झाला तो कच्च्या कोंबड्यांतूनच; १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. लांब कशाला, डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले. आवारातली भटकी कुत्रीही तुमचाच विषय, कारण त्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग वाघ-सिंहांनाही होतो. पण म्हणून कुत्र्यांची जिवंत (कमजोर केलेल्या विषाणूची) लस दिसेल त्या प्राण्याला टोचू नका; लाल पांडामध्ये त्या लशीनेच रोग झाल्याची उदाहरणं आहेत.

चितळ-काळविटांना भर दुपारी जाळं घेऊन पळवलंत, तर सापडतील, पण धसक्याने आणि धावपळीने स्नायू निकामी होऊन पुढे दोन दिवसांनीही मरतील. पहाटे पकडा, डोळ्यांवर कापड टाका, बडबड करू नका. वाघाचं रक्त काढायला तर दर वेळी भूल लागतच नाही. मांसाच्या तुकड्यांवर शिकवलेला वाघ जाळीला टेकून बसतो, शेपूट बाहेर ओढून घेऊ देतो आणि तिच्या शिरेतून रक्त मिळतं. शिकवायला महिने जातात. वरचे म्हणतील वेळ नाही, भांडा.

एकदा मी ‘दार लावलंय साहेब’ या शब्दावर आत गेलो. खटका अर्धाच पडला होता. बिबटीण पलीकडे झोपली होती, म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून कुलूप स्वतः ओढून बघतो आणि पलीकडची डोकी मोजतो, कीपर रागावला तरी.

भूल द्यावीच लागली तर वाघाला आदल्या दिवशी उपाशी ठेवा आणि हौद रिकामा करा. झिंगलेलं जनावर वीतभर पाण्यातही बुडतं. उताऱ्याचं औषध आधीच भरून ठेवा. आणि शिकायचीच असेल तर आधी फुंकनळी, म्हणजे फुंकून भुलीची सुई मारायची नळी, शिका. पिंजऱ्यातल्या अंतराला तीच बरी, आवाज नाही, मारही हलका. जुनी गादी उभी करून सराव करा, शेजारी हसतील.