इंग्रजीत 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, मग 'टर्न ऑफ इट' का चालत नाही?

कारण इथला 'ऑफ' क्रियापदाचा जोडीदार आहे, पुढच्या नामाचा नाही. असा जोडीदार जागा बदलू शकतो: 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ', दोन्ही बरोबर. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं: 'टर्न इट ऑफ'.

'लुक अ‍ॅट इट'मधला 'अ‍ॅट' मात्र आपल्या 'टेबलावर'मधल्या 'वर'सारखा नामाला बांधलेला असतो. फक्त तो नामाच्या आधी येतो. म्हणून 'लुक इट अ‍ॅट' कधीच होत नाही.

माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे 'रन अप अ हिल' आणि 'रन अप अ बिल'. दिसायला अगदी सारखी. आता 'इट' घालून बघा. टेकडी चढलात तर 'रॅन अप इट', बिल वाढवलंत तर 'रॅन इट अप'. शंका आली की हीच परीक्षा घ्या, पाठांतरापेक्षा ती खूप भरवशाची आहे. कानही मदत करतो: 'टर्न इट ऑफ' म्हणताना 'ऑफ'वर जोर येतो, 'लुक अ‍ॅट इट'मध्ये 'अ‍ॅट' हलकेच निसटतो.

'पुट अप विथ'मध्ये (म्हणजे सहन करणे) दोन्ही प्रकार एकत्र येतात: 'अप' क्रियापदाचा जोडीदार, 'विथ' नामाला बांधलेला. तिथे सर्वनाम शेवटीच: 'पुट अप विथ इट'.