बाप्तिस्मा झाला, तरी जुना राग परत येतोय?

भावा, राग उसळला म्हणून तारण, म्हणजे पापापासून मिळालेली सुटका, गेलं असं समजू नकोस. बरेच नवे विश्वासू इथेच खचतात.

सकाळची 15 मिनिटं राख. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्याची पहिली पाळी असेल तर डबा भरायच्या आधी. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू कर, रोज अर्धा अध्याय. 16 अध्याय महिन्याभरात होतात. पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, निघालेले नियमांनी भरलेल्या लेवीयात अडकतात.

पडलास की तिथल्या तिथे कबूल कर, रविवारची वाट बघू नकोस (1 योहान 1:9). "माझं चुकलं" एवढंच नको, "बायकोवर ओरडलो" असं नाव घेऊन सांग. मग तिचीही माफी माग. हे टाळलंस तर प्रार्थना घशातच अडकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "आता मीच स्वतःला आवरीन" ही शपथ. पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या 7 व्या अध्यायातला माणूस असाच हरतो. पवित्र आत्म्याचं बळ 8 व्या अध्यायात आहे. शब्द तोंडातून निघायच्या आत म्हण, "प्रभू, मला जमत नाही, तू सांभाळ." आणि जत्रेत जुन्या दोस्तांनी बाटली काढली की सरळ उठून घरी ये.

उपासना मराठीत असो वा कन्नडमध्ये, एकाच मंडळीत (चर्चमध्ये) टिकून राहा. अन्य भाषांचे, म्हणजे प्रार्थनेत आत्म्याने अनोळखी भाषेत बोलण्याचे, वाद सध्या बाजूला ठेव.