सिक रूम नंतर करा, आधी कपाटातले फॉर्म बाहेर काढा

प्रश्न: ऐरोलीतल्या आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाकडे पावणेदोन लाख जमलेत. मुलांच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षेसाठी सिक रूम करावी की कॅमेरे वाढवावेत? सरकारी योजना, सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्याचा निधी) यांतून काय मदत मिळू शकते?

सिक रूम करू नका. निदान यंदा तरी नको.

२०१७ च्या जुलैत माझा मुलगा कोपरखैरण्यात चौथीत होता. त्याला आकडी यायची. सहाव्या वर्षापासून औषध चालू होतं आणि त्यावर वर्षभर काही झालं नव्हतं. त्या दिवशी तिसऱ्या तासाला तो बाकावरून खाली कोसळला. बाई घाबरल्या, शेजारच्या वर्गातले सर धावत आले. एकाने चप्पल हुंगवली, दोघांनी हातपाय दाबून धरले आणि कोणीतरी डब्यातला स्टीलचा चमचा दातांत घातला. वरचा पुढचा दात तुटला. दुधाचा नव्हे, कायमचा. चमचा काढला तो शाळेतल्या मावशींनी. जिना पुसत होत्या, आरडाओरडा ऐकून आत आल्या. "आधी ते तोंडातलं काढा, पोराला कुशीवर घ्या," म्हणत त्यांनी स्वतःच त्याला वळवलं. त्यांच्या भावाला गावी आकडी यायची, म्हणून त्यांना माहीत. बाराशे मुलांच्या शाळेत त्या क्षणी एवढं ठाऊक असलेलं माणूस त्या एकट्याच.

मी नौपाड्यात एका पतपेढीत काउंटरला होते. काउंटर चालू असेपर्यंत फोन ड्रॉवरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत बघितला तर अकरा मिस्ड कॉल. ठाण्याहून वाशी लोकल पकडली, पावसाने गाडी रबाळ्याला थांबून राहिली. पोचले तेव्हा पोरगं ऑफिसातल्या बाकड्यावर झोपलेलं, शर्टावर रक्त. १०८ ला, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सला, फोन केलाच नव्हता. का, तर "पालक येईपर्यंत थांबू म्हटलं." आकडी किती वेळ चालली, असं मी विचारलं. कोणीच घड्याळ पाहिलं नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरांनी मला पहिलं तेच विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं. आणि ही शाळा आहे, दवाखाना नाही."

मी सांगितलं होतं. प्रवेशाच्या फॉर्मवर 'आजार असल्यास' असा रकाना असतो, त्यात औषधाच्या नावासकट लिहिलं होतं. तो फॉर्म ऑफिसच्या कपाटात गेला आणि तिथेच राहिला. वर्गशिक्षिका दर जूनला बदलत गेल्या, त्यांच्यापैकी एकीच्याही हातात तो आला नाही. त्या बाईंना मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही.

माझे मिस्टर महापे एमआयडीसीत होते. त्यांच्याकडे फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या ४५ व्या कलमाप्रमाणे दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट असलेला माणूस ठेवावा लागे. दीडशे मोठ्या, धडधाकट माणसांमागे एक, आणि बाराशे लेकरांमागे एकही नाही, हे मला आजही सहन होत नाही. मिस्टरांनी कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरना विचारलं. ते दोन शनिवार शाळेत यायला तयार झाले, फुकट. मॅडमनी परवानगी द्यायला पाच महिने लावले.

त्या पाच महिन्यांत शाळेने सिक रूम मात्र बांधली. पलंग, पांढरी चादर, बीपीचं मशीन. खोलीला कुलूप आणि चावी क्लार्ककडे. दिवाळीनंतर सहावीतल्या एका मुलीला पीटीच्या तासाला दम्याचा अ‍ॅटॅक आला तेव्हा ती मैदानात आणि तिचा इनहेलर तिसऱ्या मजल्यावर दप्तरात. तोही मावशींनीच पळत जाऊन आणला. ती खोली उघडलीसुद्धा नाही. जानेवारीच्या पालक सभेत मी हे उभं राहून बोलले, तर "तुमचा विषय वैयक्तिक आहे" म्हणून मला बसवलं.

तेव्हा तुमच्या पावणेदोन लाखांतले आधी काही हजारच खर्च करा. आजार असलेल्या प्रत्येक मुलाचा एक कागद बनवा. फोटो, आजार, तो सुरू झाला की कसा दिसतो, काय करायचं, काय करायचं नाही, औषध कुठे आहे, आणि तीन माणसांचे फोन नंबर. तीन, कारण पहिल्याचा ड्रॉवरमध्ये असू शकतो. हा कागद हजेरीपटाच्या पुठ्ठ्याआतून चिकटवा म्हणजे बदली शिक्षकालाही सापडतो. एक प्रत पीटीच्या सरांकडे, एक बसमधल्या ताईंकडे. आकडीच्या कागदावर एवढंच हवं: कुशीवर वळवा, आसपासच्या टणक वस्तू हलवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८. इनहेलर मुलाबरोबर मैदानात गेला पाहिजे. टाईप वन मधुमेहाच्या मुलाला वर्गात खायची मुभा हवी. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा अशा मुलांना खाऊ न्यायला परवानगी दिली आहे.

बाकी पैशांत जमतील तितक्या शिक्षकांना आणि सगळ्या मावशी-काकांना प्रथमोपचार शिकवा. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस शिकवतात. आधी मावशी, मग शिक्षक, याच क्रमाने.

योजनांचं म्हणाल तर शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला यायला हवं. ही योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली ती पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आणि तिच्या आजारांच्या यादीत आकडी आहे. पथक येऊन गेल्यावर पुढे पाठवलेल्या मुलांचं काय झालं, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. समितीत पंचाहत्तर टक्के पालकच असतात, तरी हे कोणी विचारत नाही. विनाअनुदानित शाळा असेल तर हे पथक धरून चालू नका. सीएसआरसाठी दारातच रबाळे-महापेचा पट्टा आहे. पण त्यांच्याकडे पैसे मागू नका, त्यांचा प्रशिक्षित माणूस मागा. पैसे मागितले की फलक लावलेली खोली मिळते.

आता कॅमेऱ्यांबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतच दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी हे सगळं हवंच, आणि सरकारने ते बंधनकारकही केलं आहे. म्हणून तो खर्च संस्थेने करावा, पालकांच्या वर्गणीतून नव्हे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा, नंबर मुलांना तोंडपाठ हवा. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे, तिथे 'आधी आपण आपसात बघू' चालत नाही.

आणि हो, तो कागद नोटीस बोर्डावर कधीच लावू नका. कित्येक आईबाप, विशेषतः मुलींचे, आकडी लपवतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. वर्गातली पोरंही चिडवतात. कागद कोणाकोणाला दिसेल हे पालकांना आधी सांगून त्यांची सही घ्या. औषध शाळेत ठेवायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच.

माझा मुलगा आता कॉलेजात आहे, गोळ्या बंद होऊन तीन वर्षं झाली. दातावर कॅप आहे. शाळा सोडताना मी ऑफिसात अर्ज देऊन त्या प्रवेश फॉर्मची झेरॉक्स मागून घेतली. ती त्याच्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या तपासणीच्या, फाइलमध्ये ठेवली आहे. तिसरा रकाना, निळ्या शाईत, माझं अक्षर.