पंप बाजूला उभाच असतो

नवीन वाचकांसाठी आधीच सांगतो, मी सर्जन नाही. परळच्या एका हॉस्पिटलात 31 वर्षं ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन, म्हणजे आमच्या भाषेत पंप, चालवलं. आम्हाला पर्फ्युजनिस्ट म्हणतात, बिल्डिंगमधली पोरं पंपवाले काका म्हणायची. त्यामुळे इथे लिहितो ते टेबलाच्या बाजूला बसून बघितलेलं आहे, तुमच्या पेशंटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

प्रश्न : काका नमस्कार. आमच्या पप्पांच्या (वय 66) अँजिओग्राफीत तिन्ही नसांत ब्लॉक निघालेत. एका ठिकाणी म्हणाले बायपास बीटिंग हार्टवर करू, दुसरीकडे फाइल दाखवली तर ते म्हणाले आम्ही पंपवर करतो. घरात आता दोन पार्ट्या पडल्यात. मोठे काका म्हणतात हार्ट बंद करायचं म्हणजे काय गंमत आहे का, परत चालूच नाही झालं तर? आई नुसती रडते. बीटिंगमध्ये छाती उघडत नाहीत ना? — एक मुलगी, लालबाग

अगं, छाती उघडतात. हा गैरसमज इतका आहे ना की मला वाटतं 'बीटिंग हार्ट' हे नाव ज्याने ठेवलं त्याला सेल्समनच म्हणायला पाहिजे. छातीचं मधलं हाड दोन्हीकडे तसंच कापावं लागतं, पायातली नस किंवा हातातली धमनी तशीच काढतात, आयसीयू तेच, टाके तेच. बरगड्यांच्या मधून छोटी चीर देऊन करतात ते वेगळं ऑपरेशन, आणि ते बहुतेक वेळा समोरच्या एकाच नसेसाठी असतं, तीन ब्लॉकवाल्याला सहसा नाही. फरक फक्त एवढाच की टाके घालताना हृदय थांबलेलं असतं की चालू असतं.

आता मोठ्या काकांची भीती. पंपवर काय होतं तर शरीरातलं रक्त नळ्यांतून माझ्या मशीनमध्ये येतं, तिथे त्याला ऑक्सिजन मिळतो आणि ते परत महाधमनीत जातं, म्हणजे मेंदू, किडनी सगळ्यांना रक्त चालूच असतं. मग महाधमनीला चिमटा लावून हृदयात पोटॅशियमवालं औषध सोडतात, त्याने हृदय शांत पडतं. टाके झाले की चिमटा काढायचा, गरम रक्त आत शिरतं, पोटॅशियम धुवून निघतं आणि ते आपलं आपण हलायला लागतं, कधी एक छोटा शॉक द्यावा लागतो. 1953 मध्ये गिबन नावाच्या अमेरिकन सर्जननी हे मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, आता तर जगभर रोज चाललंय. तरी खरं सांगू का, तो पहिला ठोका स्क्रीनवर दिसेपर्यंत मी शेवटच्या दिवसापर्यंत श्वास धरून बसायचो.

आणि बीटिंग ही काही नवी फॅशन नाहीये. लेनिनग्राडच्या कोलेसोव्हनी 1964 मध्येच पंप न वापरता छातीच्या आतली धमनी हृदयाच्या नसेला जोडली होती. 1967 मध्ये क्लीव्हलँडला फावालोरोनी पायाच्या नसेवाला बायपास सुरू केला, पंपवर काम आरामात व्हायचं, मग बिनपंपाचं मागे पडलं. ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सर्जननी 80 च्या दशकात ते परत उचललं, पण खरी सोय झाली ती 90 च्या दशकात हॉलंडच्या उट्रेक्टमध्ये स्टॅबिलायझर निघाला तेव्हा. शिलाई मशीनचा पाय कसा कापड दाबून धरतो, तसा दोन बोटांचा एक पाय हृदयाला चिकटवतात, त्याला बारीक सक्शनच्या वाट्या असतात, आणि बाकीचं हृदय धडधडत असताना मधला बोटभर तुकडा तेवढा जवळपास स्थिर राहतो. त्या तुकड्यात दीड-दोन मिलिमीटरची नस उघडून केसासारख्या दोऱ्याने शिवायचं. आपल्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात बायका उभ्या गर्दीत गजरा ओवतात, तसलाच हा प्रकार, फक्त इथे सुई चुकली तर काय ते सांगायला नको.

समोरची नस सोपी. त्रास मागच्या बाजूच्या नसांना, कारण तिथे पोहोचायला हृदय उचलून वळवावं लागतं, आणि वळवलं की ते नीट भरत नाही, प्रेशर पडतं. मग भूल देणारे टेबल डोक्याकडून खाली करतात, औषध देतात, सर्जन हृदय परत खाली ठेवतात, दोन मिनिटं थांबतात, परत उचलतात. एवढा वेळ मी काय करतो? बसलेला असतो. पंप बाजूला उभा, नळ्या तयार, आणि डोळे प्रेशरच्या आकड्यावर. कधी सर्जन म्हणतात, "चला, पंपवर जाऊ", तर नातेवाईकांना वाटतं बीटिंग फेल गेलं. फेल वगैरे काही नाही. वेळेवर ठरवून पंपवर जाणं शहाणपणाचं, हृदय अगदी कोलमडल्यावर धावतपळत जाणं ते खरं धोक्याचं, म्हणून वेळेत पंप मागणारा सर्जन मला कधीच कमी वाटला नाही.

आता चांगलं कुठलं? याच्यावर मोठे अभ्यास झालेत. 19 देशांतल्या 4752 पेशंटचा एक 2012 मध्ये आला, त्यात आपल्याकडचेही पेशंट होते. तिथे 30 दिवसांनी मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक, डायलिसिस हे सगळं मिळून मोठा फरक नव्हता. बीटिंगमध्ये रक्त कमी द्यावं लागलं, रक्तस्रावासाठी परत छाती उघडायची वेळ कमी आली, पण सुरुवातीच्या दिवसात परत ब्लॉक सोडवायची वेळ थोडी जास्त आली. पाच वर्षांनी पण फरक नाही. उलट अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत 2203 जणांवर जो झाला त्यात पाच वर्षांनी बीटिंगवाल्यांत मृत्यू 15.2 टक्के आणि पंपवाल्यांत 11.9 टक्के निघाले. मग बीटिंग वाईट का? तसंही नाही गं, ज्या हातांना रोजची सवय आहे त्यांचं वेगळं आणि अधूनमधून करणाऱ्यांचं वेगळं. आपल्याकडे खूप सर्जन वर्षानुवर्षं रोज बीटिंगवरच करतात.

म्हणून सर्जनना 'बीटिंग करता का' असं नका विचारू, 'तुम्ही रोज कसं करता आणि पप्पांसाठी तसंच का' असं विचारा. महाधमनीत चुना साठलाय का हे विचारा, कारण तसं असेल तर तिला चिमटा लावला की कण सुटून मेंदूत जायची भीती असते, आणि तिथे बीटिंगचा खरा फायदा आहे, तोही महाधमनीला अजिबात हात न लावता केलं तरच. पायाची नस वरून महाधमनीलाच जोडणार असतील तर बीटिंगमध्येही बहुतेकदा अर्धा चिमटा लागतोच, हे कोणी सांगत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्या मुख्य नसेला छातीच्या आतली डावी धमनी जोडणार ना? ती दहा वर्षांनी शंभरातल्या नव्वदेक जणांत चालू असते, पायाच्या नसांचं तसं नाही, दहा वर्षांत त्यातल्या निम्म्याच्या आसपास बंद होतात. घरातल्या दोन पार्ट्यांनी भांडायचंच असेल तर यावर भांडा.

प्रश्न : 2009 मध्ये पंतप्रधानांचं बीटिंगवर झालं होतं, मुंबईचेच डॉक्टर गेले होते, मग आमच्या वडिलांना पंपवर का? — एक वाचक, डोंबिवली

हो, मनमोहन सिंगांचं दिल्लीत एम्समध्ये झालं, डॉ. रमाकांत पांडा गेले होते. त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे पेशंट ॲडमिट होतानाच "साहेबांसारखं करा" म्हणायचे. पण साहेबांचा तो दुसरा बायपास होता, 1990 मध्ये एक झालेला, म्हणजे छाती परत उघडायची, आतलं सगळं चिकटलेलं, जुने ग्राफ्ट, म्हणजे आधी जोडलेल्या नसा, सांभाळायचे. त्यांच्यासाठी काय बरं हे त्यांच्या फाइलवर ठरलं. तुमच्या वडिलांचं हृदय मोठं झालंय, पंपिंग 30 टक्के, आणि एक व्हॉल्व्ह पण गळतोय असं तुम्हीच लिहिलंय. व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करायचा तर पंप लागणारच, त्यात चॉइस नाही.

प्रश्न : पंपवर ठेवलं की माणूस विसराळू होतो म्हणतात. मी बँकेत आहे, आकड्यांचं काम, म्हणून भीती वाटते. — एक वाचक, मुलुंड

हे मी पण वर्षानुवर्षं मानत होतो, आणि माझ्या मशीनवरचा आरोप म्हणून मनाला लागायचं. बायपासनंतर थोडे दिवस डोकं जड, नाव आठवत नाही, पेपर वाचवत नाही असं बऱ्याच जणांचं होतं. पण हॉलंडमध्येच दोन गट करून पाच वर्षं पाठपुरावा केला तर पंपवाले आणि बीटिंगवाले यांच्यात स्मरणशक्तीचा फरक सापडला नाही. वय, शुगर, बीपी, आधीच खराब असलेल्या नसा यांचा हात जास्त असावा. तुम्ही रजा मात्र दोन महिन्यांची टाका, आठ दिवसांत लॉगिन करायचा विचार नको.

प्रश्न : मिस्टरांचं बीटिंगवर झालं, आज पंधरावा दिवस. ते म्हणतात हृदय बंदच केलं नव्हतं मग मी सोमवारपासून ऑफिसला जातो, ठाणे ते सीएसएमटी. — एक गृहिणी, ठाणे

वहिनी, त्यांना ही ओळ वाचून दाखवा : हृदय चालू होतं, हाड कापलेलं आहे. ते तारेने बांधलंय आणि जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण मजबूत व्हायला तीन महिने धरा. सकाळच्या फास्टमध्ये कोणाचं कोपर लागलं किंवा धक्क्यात त्यांनी वरची कडी ओढून धरली तर तार हाडात घुसू शकते. दूधाची क्रेट, सिलेंडर, नातवंड, काही उचलायचं नाही. खोकताना उशी छातीशी धरायची, तीन छोट्या चेंडूंचं ते फुंकायचं नव्हे, श्वास आत ओढायचं खेळणं दिवसातून आठ-दहा वेळा. चालणं रोज वाढवायचं, जिना हळू चढला तर चालतो. छातीच्या जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा खोकताना हाड कटकट वाजलं तर फोनवर नको, सरळ हॉस्पिटलला न्या. पाय सुजलाय ना, ज्या पायातली नस काढली तोच? बसताना स्टुलावर ठेवायला सांगा.

आणि ऑफिसला फोन तुम्हीच करा, ते करणार नाहीत.