विरणारा स्वर आणि भरून आलेले डोळे

प्रश्न : गिटारची मला विशेष आवड नाही, तरीही मित्राच्या आग्रहाखातर एका मैफलीला गेलो असता वादकाचे उत्कट वादन ऐकून अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले. असे का व्हावे?

उत्तर : गिटारचा छेडलेला स्वर लगेच विरू लागतो, व्हायोलिनच्या गजासारखे त्याला धरून ठेवणारे काही नसते. म्हणून वादक तार बोटाने ओढून स्वर चढवतो, कंपित करतो, आणि त्याची ही धडपड समोर बसलेल्याला ऐकू येते तशीच दिसतेही. संगीतातील अत्युच्च क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाच्या अनुभवाशी निगडित रसायन स्रवते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. परंतु तुमच्या बाबतीत, माझ्या मते, तुम्ही बेसावध होतात हेच अधिक महत्त्वाचे. (जाणकार पुष्कळदा चुकाच मोजत बसतात!)